आईविना राहिलेल्या पाळीव उंदरांच्या पिल्लांचे संगोपन

घरट्यात पिल्ले एकटी दिसली, म्हणजे ती अनाथ झाली असे नव्हे. मादी खाण्यापिण्यासाठी घरट्याबाहेर पडते आणि काही वेळाने परत येते. पहिल्या काही दिवसांत पिल्लाच्या अंगावर केस नसतात आणि कातडी इतकी पातळ असते, की प्यालेले दूध पोटाच्या डाव्या बाजूस पांढऱ्या डागासारखे बाहेरून दिसते. हा डाग दिसत असेल आणि अंग गुलाबी व उबदार असेल, तर घरट्याला हात न लावणे हीच सर्वांत चांगली मदत ठरते. मादी मेली असेल, आजारी असेल किंवा पिल्ले गार पडून इतस्ततः विखुरली असतील आणि पोटात दूध दिसत नसेल, तेव्हा मात्र वेळ दवडू नये.

पर्याय उपलब्ध असेल तर दुसऱ्या अंगावर पाजणाऱ्या मादीकडे पिल्ले सोपवणे, हाच उत्तम मार्ग आहे. माणसाने कितीही निगुतीने पाजले तरी आईच्या दुधाची सर त्याला येत नाही, आणि उंदरांच्या माद्या परक्या पिल्लांना बहुधा सहज स्वीकारतात. दोन्हीकडच्या पिल्लांच्या वयात फार अंतर नसावे. त्या मादीला थोडा वेळ बाजूला काढावे, तिच्या घरट्यातील कागद किंवा गवत अनाथ पिल्लांच्या अंगाला हलकेच चोळून तिचा वास लावावा, पिल्ले उबदार करून तिच्या पिल्लांत मिसळावीत आणि मगच तिला परत सोडावे. त्यानंतर लांबूनच लक्ष ठेवावे. मादीला साधारणपणे दहा स्तनाग्रे असतात; त्यामुळे तिची स्वतःची पिल्ले आधीच पुष्कळ असतील, तर आणखी भार टाकण्यापूर्वी विचार करावा.

अशी मादी मिळाली नाही, तर पहिले काम दुधाचे नसून उबेचे आहे. अननुभवी माणसाची घाई नेमकी येथेच नडते. नवजात पिल्लाचे वजन जेमतेम एक ते दीड ग्रॅम असते आणि त्याला स्वतःच्या शरीराचे तापमान टिकवता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, म्हणून ते पूर्ण उबदार होईपर्यंत काहीही पाजू नये. लहान खोक्यात मऊ टिश्यू पेपरचे तुकडे घालावेत. धागे सुटणारा कापूस पायांना गुंडाळला जातो, तर देवदाराच्या भुशाचा उग्र वास श्वसनाला अपायकारक असतो. हीटिंग पॅड सर्वांत कमी उष्णतेवर ठेवून तो खोक्याच्या केवळ अर्ध्या भागाखाली सरकवावा, म्हणजे रांगू लागलेल्या पिल्लाला फार गरम झाल्यास बाजूला होता येते. केस येईपर्यंत घरट्यात सुमारे ३० ते ३२ अंश सेल्सिअस तापमान राहील, असे पाहावे आणि ते हाताच्या अंदाजाने न ठरवता तापमापीने मोजावे.

पाजण्यासाठी मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर वापरावी. गायीचे साधे दूध टाळावे, कारण त्याने हगवण लागू शकते. दूध अंगाइतके कोमट असावे. पिल्लाला कधीही उताणे धरू नये. पोट खाली ठेवून डोके किंचित वर उचलावे आणि बारीक, स्वच्छ कुंचल्याच्या टोकावरील थेंब ओठांशी धरून ते त्याला चाटू द्यावे. सिरिंजने दाब देऊन पाजल्यास दूध फुप्फुसात जाण्याचा धोका फार मोठा असतो. नाकातून बुडबुडे आले तर लगेच थांबून नाक टिपावे. पहिला आठवडा दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते. पुढे हे अंतर हळूहळू वाढवता येते. पोटातला पांढरा डाग पुन्हा दिसू लागला की पुरे. पोट टम्म फुगेपर्यंत पाजणे घातक आहे.

प्रत्येक वेळी पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पोटाचा खालचा भाग आणि गुदद्वाराजवळची जागा हळुवारपणे पुसावी. लघवी व शी होण्यासाठी एरवी आई तेथे चाटते. डोळे उघडेपर्यंत हे न चुकता करावे लागते.

साधारण आठवड्याभरात अंगावर लव दिसू लागते आणि बारा ते चौदा दिवसांच्या सुमारास डोळे उघडतात. तेव्हापासून दुधात भिजवून मऊ केलेले उंदरांचे खाद्य किंवा ओट्स समोर ठेवावेत. पाणी उघड्या वाटीत न ठेवता नळीच्या बाटलीने द्यावे आणि नळी पिल्लांच्या तोंडापर्यंत पोहोचेल इतकी खाली बसवावी. तीन आठवड्यांच्या सुमारास पिल्ले दूध सोडू शकतात, मात्र अशक्त राहिलेल्यांना आणखी काही दिवस पाजत राहावे. दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर रोज वजन करावे; ते वाढत नसेल, पोट फुगले असेल किंवा श्वास घेताना आवाज येत असेल, तर लहान प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांना दाखवावे. एक आठवड्याहून लहान पिल्ले नीट काळजी घेऊनही अनेकदा वाचत नाहीत, हे आधीपासून मनात असू द्यावे. मेलेले पिल्लू ताबडतोब बाजूला काढावे.

नर आणि मादी ओळखण्यास नववा-दहावा दिवस सोयीचा असतो, कारण तेव्हा केस आखूड असल्याने मादीच्या पोटावरील स्तनाग्रांचे ठिपके दिसतात. ही नोंद तेव्हाच करून ठेवावी. पाच-सहा आठवड्यांच्या वयातच माद्या गाभण राहू शकतात, म्हणून चौथा आठवडा संपताच नर वेगळ्या पिंजऱ्यात ठेवावेत.