देवाची हाक कळते, पण पाऊल पडत नाही? या चुका टाळा

आमच्या वसईत रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटली की चर्चच्या आवारात एक वाक्य हमखास कानावर येतं, "देवाला माझ्याकडून काय हवंय तेच कळत नाही हो." मला विचाराल तर बऱ्याचदा कळलेलं असतं, आवडलेलं नसतं एवढंच. वाडीच्या बांधावरून सख्ख्या भावाशी बोलणं बंद आहे, आधी आपणच जायचंय हे मनात पक्कं ठाऊक असतं, तरी नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) लावून म्हणायचं देवा मार्ग दाखव. अरे दाखवलाय की! नवीन काहीतरी ऐकू येईल म्हणून थांबायचं आणि जुनं पेंडिंग ठेवायचं, ही पहिली चूक. अडकल्यासारखं वाटतंय ना, मग शेवटची स्पष्ट कळलेली गोष्ट कोणती होती आणि ती केली का, एवढं तपासा.

दुसरी चूक जरा चलाख आहे. सांगितलेलं करायचं नाही, पण त्याच्या बदल्यात काहीतरी भारी द्यायचं. बायबलातल्या शौल राजाने हेच केलं (1 शमुवेल 15), शत्रू असलेल्या अमालेकांचं काहीही राखू नको असं देवाने म्हटलेलं असताना चांगली चांगली गुरंमेंढरं ठेवली आणि शमुवेल संदेष्ट्याने विचारलं तर म्हणे यज्ञासाठी ठेवलीत! यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं, असं शमुवेलाने तिथंच सुनावलं. आपल्याकडे सणाला देणगी देणाऱ्यांच्या यादीत नाव वरती असतं आणि वाडीत राबलेल्या बाईची मजुरी दोन महिने अडकलेली असते. बायबलात याकोबाच्या पत्रात 5:4 उघडून बघा, अडवलेल्या मजुरीबद्दल तिथे थेटच लिहिलंय. आधी मजुरी द्या, मग देणगी.

रिट्रीटवरून (प्रार्थनेच्या शिबिरावरून) आल्या आल्या रोज तासभर प्रार्थनेचा नवस बोलू नका, टिकत नाही. दहा मिनिटं ठरवा, पण पाळा. आणि शेजारणीच्या मुलाला सेमिनरीत (फादर होण्याच्या शिक्षणाला) बोलावणं आलं, आमच्याला का नाही, हे तर सोडाच, येशूचा शिष्य पेत्र याने दुसऱ्या शिष्याबद्दल, योहानाबद्दल, असंच विचारलं तेव्हा येशूने त्याला काय उत्तर दिलं ते योहान 21 मध्ये आहे.

एक दार बंद झालं की हाकच खोटी होती असं धरून बसणारेही बरेच. आपल्या वसईचाच संत गोन्सालो गार्सिया घ्या. येशूसंघीयांच्या (जेझुइट फादरांच्या) हाताखाली वाढला, त्यांच्यासोबत जपानला गेला, धर्मशिक्षणाचं काम केलं, पण संघात घ्या म्हटल्यावर घेतलं नाही. मग व्यापार केला, त्यात जमही बसला, आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात ब्रदर झाला, जपानला परतला आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रुसावर गेला. नकारानंतर थांबावं लागलं तरी हात बांधून बसू नका, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा कोळी काय झोपून असतात का, जाळी विणतात, बोटीची डागडुजी करतात.

शेवटची चूक सगळ्यात महाग पडते, कुणालाच न विचारणं किंवा भलत्याला विचारणं. तोच शमुवेल लहान होता तेव्हा, हाक आली की म्हाताऱ्या याजक एलीकडे पळायचा, हाक मारणारा देव आहे हे तिसऱ्या वेळी एलीनेच ओळखलं. पण पुढचं आपण वाचतच नाही. देवाचा निरोप होता एलीच्याच घराण्याविरुद्ध, तरी म्हातारा म्हणाला काहीही लपवू नकोस, सगळं सांग. विचारायचं तर अशा माणसाला, ज्याला तुमच्या निर्णयातून काही मिळवायचं नाही. "देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलंय" म्हणत कुणी नोकरी सोडायला, जमीन विकायला, पैसे द्यायला लावत असेल तर घरी नवऱ्याशी-बायकोशी बोला, कन्फेशनला (पापांची कबुली द्यायला) ज्या फादरांकडे जाता त्यांना विचारा, आणि तोवर कुठल्याच कागदावर सही करू नका.