पडलेलं आणि टाकलेलं

सुरुवातीला मी तोंडाला रुमाल बांधून भंगार वेचायला जायचो. धुळीचं निमित्त होतं, खरं कारण आमच्या गल्लीतल्या कुणी ओळखू नये हे. 2021 चा पावसाळा. ठेकेदाराने 'बोलावतो' म्हणून घरी पाठवलं त्याला तीन महिने झाले होते, पोरीची फी थकली होती आणि भोसरीत खोलीभाडं कुणासाठी थांबत नाही. आता पुन्हा कंपनीत आहे, तरी रविवार आणि आठवड्यातल्या दोन सकाळी मी अजून जातो. रुमाल कधी सुटला ते आठवत नाही.

हे तुमच्यासारख्यांसाठी लिहितोय. नोकरी आहे, पगार पुरत नाही आणि रस्त्याने जाताना वाकलेला पत्रा दिसला की मनात हिशोब सुरू होतो, अशांसाठी. चुंबकाला काय चिकटतं, तांबं कसं दिसतं, जर्मनचं पातेलं स्टीलपेक्षा हलकं कसं लागतं, हे तुम्हाला माहीत असणार. मी मुख्यतः एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे, पडलेला माल खरंच टाकलेला आहे का, कारण त्या एका गोष्टीत मी रात्री आठपर्यंत पोलीस स्टेशनच्या बाकावर बसलो होतो.

झालं असं. एका रस्त्याच्या कडेला केबल टाकायचं काम चालू होतं. चर अर्धा बुजवलेला, कामगार गेलेले, आणि मातीच्या ढिगाला टेकून केबलचा तुकडा पडलेला, दीडेक मीटर, मनगटाएवढा जाड. वर चिखल वाळलेला. मी दोन दिवस जाता-येता पाहिला. तिसऱ्या दिवशीही तिथेच. म्हटलं, कापून उरलेला तुकडा आहे, टाकून दिलाय. पोत्यात भरला, सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि दुकान गाठलं. आत तांबं आहे हे टोकाकडून दिसत होतं आणि तांब्याचा एक किलो म्हणजे लोखंडाचे वीस-पंचवीस किलो. डोक्यात फी भरूनही झाली होती.

दुकानात दोन पोलीस आधीच उभे होते. त्या भागात आदल्या आठवड्यात केबल चोरीला गेली होती. पोतं उघडायला लावलं. "कुठून आणलं?" मी म्हणालो, रस्त्यावर पडलं होतं. साहेबांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सगळे हेच सांगतात." दुकानदार, ज्याच्याकडे मी दोन महिने माल घालत होतो, म्हणाला, "याला मी ओळखत नाही."

मारलं नाही कुणी. खोटं कशाला सांगू? नाव लिहिलं, फोन काढून घेतला, बसवून ठेवलं. संध्याकाळी केबलच्या कामावरचा सुपरवायझर आला, तुकडा पाहून म्हणाला, आमचाच. मग त्याने जे सांगितलं ते मी तुम्हाला जपून सांगतो, कारण हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. कापून उरलेला तुकडासुद्धा हिशेबातला असतो. जेवढी केबल स्टोअरमधून उचलली त्यातली किती टाकली आणि किती उरली, हे मीटरवर नाहीतर किलोवर परत दाखवावं लागतं. त्यांच्या दृष्टीने तो तुकडा रस्त्यावर 'ठेवलेला' होता. मला तो 'टाकलेला' वाटला. तुकडा तोच, आणि या दोन शब्दांच्या मधे मी पोतं घेऊन उभा.

गुन्हा दाखल झाला नाही. त्यांचा माल त्यांना मिळाला, मला सोडलं. पण पुढचे चार-पाच महिने परिसरात केबल गेली की मला फोन यायचा, येऊन जा म्हणून. बायको तेवढे महिने फोन वाजला की आधी माझ्या तोंडाकडे बघायची.

म्हणून सांगतो. 'चोरी मी केली नाही' एवढं पुरत नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 124 वाचून घ्या. चोरीचा असावा असं मानायला कारण आहे असा माल तुमच्याजवळ सापडला आणि तो कुठून आला याचा पटेल असा खुलासा देता आला नाही, तर तेवढ्यावरच शिक्षा होऊ शकते. 'रस्त्यावर सापडलं' हा खुलासा होत नाही. विजेच्या तारा आणि सामानासाठी 2003 च्या वीज कायद्यात वेगळं कलम आहे, 136, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. रेल्वेचा तर 1966 पासून स्वतंत्र कायदा आहे, नुसत्या बेकायदा ताब्यासाठी. रुळाच्या कडेला पडलेली ती गंजकी क्लिप, फिशप्लेट, बोल्ट, एकालाही हात लावू नका. गंजलंय म्हणजे टाकलंय असं नसतं, रेल्वेचं सगळंच गंजलेलं असतं.

तसंच गटाराची जाळी, चेंबरचं झाकण, पुलाचा कठडा, दुभाजकाचा तुटका पाइप, रस्त्याच्या नावाची पाटी. गाडीने धडक देऊन आडवं पाडलेलं असलं तरी ते महापालिकेचं. आणि झाकण काढलेल्या चेंबरमध्ये रात्री कुणी पडलं तर? ते पैसे घरात कसे आणायचे?

बांधकामावर सळईचे तुकडे ढिगाने पडलेले दिसतात. वॉचमन म्हणतो, घेऊन जा, मला शंभर दे. इथेही मी एकदा फसता फसता वाचलो. वॉचमन मालक नाही. त्याला द्यायचा अधिकार नाही आणि उद्या विचारणा झाली तर तोच पहिला म्हणणार, हा रात्री आला होता.

मग उचलायचं काय? भरपूर आहे, घाबरू नका. मी महिन्याची फी, कधी गॅसची टाकी, यातूनच काढतो. सोसायट्यांतल्या जुन्या ग्रिल, गंजलेले कूलर, मोडक्या सायकली, बंद पडलेले पंखे, गिझर. लोकांना ते खाली उतरवायचा कंटाळा असतो, तुम्ही उतरवून देता, त्यावरच सौदा होतो. छोट्या वर्कशॉपमधली लेथची बर, म्हणजे धातूचा कीस. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस तर सोनं आहे. फक्त देणाऱ्याच्या तोंडून 'घेऊन जा' ऐकायचं आणि तो देणारा मालक असला पाहिजे.

मी वही ठेवतो, शाळेची साधी दोनशेपानी. तारीख, कुठून, काय, अंदाजे वजन, देणाऱ्याचं नाव. मोठा माल असेल तर दोन ओळी लिहून सही घेतो आणि मोबाइलवर फोटो काढतो. लोक हसतात. हसू देत.

हे वहीचं मला एका मावशींनी सांगितलं, ज्यांना स्वतःला लिहिता येत नाही. चिखलीकडे पंचवीस वर्षं वेचतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचं ओळखपत्र गळ्यात असतं. कचरावेचकांची ही संघटना पुण्यात 1993 पासून आहे आणि ते कार्ड दाखवलं की शिपाई दोन शब्द कमी बोलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझा किस्सा ऐकून त्यांनी सहानुभूती वगैरे काही दाखवली नाही. म्हणाल्या, "तुला कुणी दिलं होतं का ते? मग कशाला उचललंस, बाबा?" गुरू करायचा तर असा करा. दुकानदाराला गुरू करू नका, तो कितीही चहा पाजू दे. आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतात फिरणाऱ्या व्हिडिओवाल्यांना तर मुळीच नको. त्यांची कमाई व्हिडिओवर असते. नाशिकला गोदावरीत दोरीला चुंबक बांधून नाणी काढणारी पोरं त्यांच्यापेक्षा शहाणी, साधन दहा रुपयांचं आणि माल पक्का.

आणखी एक, जरा कडू. कचराकुंडीवर आणि घंटागाडीजवळ जाऊ नका. ते ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांचं. आपण जोडधंदेवाले, आपल्याला पीएफ आहे, निदान काहींना. मावशींच्या वाट्यातली बिअरची टिन आपण उचलायची नाही. हे माझं मत आहे, कुणाला पटो न पटो.

आता बाकीचं भराभर सांगतो.

केबल जाळू नका. धूर विषारी असतोच, शिवाय जळकं तांबं काळं पडतं आणि दुकानदार दर पाडतो. ब्लेडने सोलायला वेळ लागतो, पण लालभडक तांब्याचा भाव वेगळा. पंख्याच्या मोटरीवर उडी मारण्याआधी वायंडिंगच्या एका तारेवर ब्लेड घासा. आत पांढरं दिसलं तर ते ॲल्युमिनियम, वरचा रंग नुसता वॉर्निशचा. मी असे सहा पंखे तांब्याच्या हिशोबाने घेऊन बसलो होतो. नळाचंही तसंच. चकचकीत नळ पितळी वाटतो, कानस मारली की पिवळं निघत नाही, राखाडी निघतं. तो जस्ताचा.

गाडीची बॅटरी फोडू नका, आतलं ॲसिड आणि शिशाची धूळ घरच्या पोरांपर्यंत जाते. बंद सिलिंडर आणि गाडीचे शॉकअब्सॉर्बर गरम करू नका. पिवळ्या पाटीवर तीन पात्यांचं काळं चिन्ह असलेला जड डबा दिसला तर लांब व्हा आणि पोलिसांना कळवा. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत किरणोत्सारी कोबाल्ट असंच भंगारात आलं होतं, एक माणूस गेला. आणि लष्कराच्या गोळीबाराच्या मैदानाजवळ, नगरचं के. के. रेंज असो की देवळाली, शेलचे, म्हणजे तोफगोळ्यांचे, तुकडे वेचायला कुणी कितीही दर सांगितला तरी जाऊ नका. न फुटलेला शेल आणि फुटलेला शेल मातीत सारखाच दिसतो. नगरजवळ भंगारासाठी तो उघडायला गेलेली माणसं मेलेली आहेत.

काट्याबद्दल न बोललो तर पाप लागेल. हुकवाला डिजिटल काटा चार-पाचशेत येतो, पहिल्या कमाईतून तो घ्या, हातमोज्यांच्याही आधी. घरी वजन करून वहीत लिहा, मग दुकानात जा. माझं एकदा घरी 11.4 भरलं, दुकानात 9.8. मी काही बोललो नाही, फक्त खिशातून वही काढून उघडली. तो म्हणाला, थांबा, गोणी नीट ठेवतो. दुसऱ्यांदा 11.2. दोनशे ग्रॅम मातीची घट म्हणून सोडून दिले. आणि उचल घेऊ नका. दुकानदार हजार-दोन हजार हसत देतो, वर हातगाडीही देतो, मग तो सांगेल तो दर. फेब्रुवारी 2025 मध्ये चिखलीजवळच्या कुदळवाडीत, जिथे भंगाराची दुकानं दाटलेली होती, महापालिकेने हजारो शेड पाडली तेव्हा दुकानदार पांगले, पण उचल घेतलेली माणसं त्यांना शोधत पार शहराबाहेर माल वाहत होती. हिशेब फिटल्याशिवाय दुसरीकडे विकायची सोय नव्हती.

लाज वाटेल. वाटू दे, दोन-तीन महिन्यांत जाते. पोरीच्या वर्गातली एक आई एकदा सिग्नलला भेटली, कॅरिअरवर वॉशिंग मशीनचा ड्रम. तिने विचारलं, दादा, आमच्याकडे जुना फ्रिज आहे, नेता का? त्या फ्रिजने दप्तर आलं.

अजूनही माझं सगळं सुरळीत आहे असं समजू नका. गेल्या महिन्यात उड्डाणपुलाखाली पाइपाचा तुकडा दिसला, जाड, लांबलचक, त्यावर गवत उगवलेलं. शेजारच्या साइटवरच्या पोराला विचारलं. तो म्हणाला, उचल की, कुणाचा नाही. मी म्हटलं, तुझ्या साहेबाला फोन लाव, एवढं म्हणू दे. पोरगा हसला, मोबाइलमध्ये डोकं घातलं. मी सायकल काढली.

दुसऱ्या दिवशी तिथे गवताचा पिवळा पट्टा तेवढा होता. चौदा किलो तरी असेल.