पहिल्या दृश्यावर लिहिताय? या चुका टाळा

सोलापुरात आमचा सिनेमा बघणाऱ्यांचा छोटा गट आहे. नवा कुणी आला की मी त्याला 'द गॉडफादर'चं (१९७२) पहिलं दृश्य देतो आणि दोन पानं लिहून आणायला सांगतो. दरवेळी हमखास येणारं वाक्य: 'मांजर हे क्रौर्याचं प्रतीक आहे.'

अरे बाबा, ते मांजर पटकथेत नव्हतंच. स्टुडिओत हिंडत होतं, दिग्दर्शक कपोलाने उचलून माफियाप्रमुख डॉनचं काम करणाऱ्या ब्रँडोकडे दिलं. त्यावर लिहू नका असं नाही, पण आधी हात बघा. समोर मदत मागायला आलेला बोनासेरा मुलीला झालेली मारहाण सांगून न्याय मागतोय आणि इकडे डॉन निवांत मांजर कुरवाळतोय. अडलंय कुणाचं, ते तिथेच कळतं. 'प्रतीक' हा शब्द पहिल्या पानावर दिसला की मी कागद परत करतो.

दुसरी चूक खुद्द माझी. काही वर्षांपूर्वी एका कॉलेजात बोलायला गेलो होतो. एप्रिलची दुपार, खिडक्यांना पातळ पडदे, प्रोजेक्टर मिणमिणता. भिंतीवर नुसता करडा धुरळा. मी आपला पाठ केलेलं बोलत सुटलो, 'डॉनच्या डोळ्यांतली जरब बघा!' मागच्या बाकावरून आवाज आला, 'सर, डोळं दिसायलेत कुठं?' वर्ग हसला. रात्री घरी दिवे मालवून पुन्हा बघितलं. पोरगं खरं बोललं होतं. छायाचित्रकार गॉर्डन विलिसने उजेड वरून पाडलाय, त्यामुळे डॉनच्या डोळ्यांच्या खोबणीत सावली बसते. त्याच्या मनात काय चाललंय ते बोनासेराला कळत नाही, आपल्यालाही नाही. तेव्हापासून आठवणीवर एक ओळ लिहीत नाही. आणि सात रस्त्याला रिक्षात बसून मोबाईलवर दीडपट वेगाने बघणाऱ्याशी तर वादच घालत नाही. जवळजवळ तीन मिनिटं बोनासेराचा चेहरा इंचाइंचाने लहान होत जातो आणि मग कडेला डॉनची पाठमोरी आकृती येते. ते पळवून बघितल्यावर उरलं काय?

'कॅमेरा मागे सरकतो' असंही लिहू नका. तो जागचा हलत नाही, झूम आहे; चित्र भिंगानेच लहान होतं.

'अंधार म्हणजे गुन्हेगारी' लिहिणाऱ्यांनी बाहेर चाललेलं डॉनच्या मुलीचं लग्न बघावं. बागेत लख्ख ऊन, गाणी, नाच. खोली काळी वाटते ती त्या उन्हामुळे.

'नाकारता येणार नाही असा प्रस्ताव' हे या सिनेमातलं गाजलेलं वाक्य बोनासेराच्या प्रसंगात नाही. तरी दर तिसऱ्या निबंधात असतं.

खरी गंमत 'किती पैसे देऊ?' या प्रश्नात आहे. तो ऐकला की डॉन उठतो. त्याची बायको बोनासेराच्या मुलीची धर्ममाता (गॉडमदर), तरी या गृहस्थाने कधी कॉफीला बोलावलं नाही. वर्षानुवर्षं उंबरा न चढलेला पाहुणा अडचणीत सापडल्यावर येऊन थेट पाकीट काढतो, तसलं हे. आपल्याकडे हे समजावून सांगावं लागू नये.

माझी सवय अशी: एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून, एकदा हातात घड्याळ घेऊन. परवा हे सांगितल्यावर एकाने विचारलं, 'आवाज बंद केल्यावर सबटायटल वाचलं तर चालतंय का, सर?'