बॅकअप रिस्टोअर करताना फाइलने गल्ली चुकू नये म्हणून

२०१९ च्या महापुराचं पाणी कोल्हापूरच्या शाहूपुरीत शिरलं, त्यानंतर 'बॅकअप घ्या' हे माझ्या गिऱ्हाइकांना परत सांगावं लागलं नाही. पण तो बॅकअप परत भरताना आत काय आहे हे सहसा कुणी बघत नाही.

झिप किंवा टार, म्हणजे अनेक फाइलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं, उघडताना आतल्या प्रत्येक फाइलचं नाव हाच तिचा पत्ताही असतो. नाव '../../' ने सुरू झालं की फाइल ठरलेल्या फोल्डरच्या दोन पायऱ्या वर चढते आणि वेबसाइटचा कोड किंवा सर्व्हरची सेटिंग पुसून तिथे बसते. हे पाथ ट्रॅव्हर्सल. झिपसारख्या फाइलींतून झालं की त्याला 'झिप स्लिप' म्हणतात. हे नाव २०१८ साली पडलं.

आधी फाइल न उघडता नुसती यादी काढा. टारला 'टी' पर्याय आहे, अनझिपला 'एल'. यादीत '..' दिसलं, सुरुवातीला '/' दिसली किंवा विंडोजचं ड्राइव्हचं अक्षर दिसलं, तर तिथेच थांबा. लिनक्सवर सहसा असणारं ग्नू टार असली नावं मुळातच अडवतं, पण कुणी मोठा 'पी' पर्याय लावला की ते राखण उठतं. तो लावू नका.

रिस्टोअरचं बटण तुमच्याच प्रोग्रॅममध्ये असेल तर खरं काम पुढे आहे. नावातून '../' काढून टाकला की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. '....//' मधून तो एकदा काढून बघा, उरतो परत '../'च! म्हणून नाव धूत बसू नका. फोल्डर आणि नाव जोडा, रिअलपाथने ('..' आणि लिंक सोडवून खरा पत्ता देणारं फंक्शन) पूर्ण पत्ता काढा आणि तो फोल्डरच्या आतच पडतो का ते तपासा. इथेही एक खड्डा आहे. पत्ता '/राजारामपुरी/गल्ली१' ने सुरू होतो एवढंच पाहिलं, तर '/राजारामपुरी/गल्ली११' सुद्धा पास होतो. पहिल्या गल्लीचं टपाल अकराव्या गल्लीत! शेवटची '/' धरूनच तुलना करा, किंवा पायथनमध्ये कॉमनपाथ (दोन पत्त्यांचा सामाईक भाग देणारं फंक्शन) वापरा.

दुसरी चोरवाट म्हणजे लिंक. आधी 'लॉग' नावाची सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारी पाटी) येते, ती बाहेरच्या फोल्डरकडे बोट दाखवते. मागून 'लॉग/फाइल' येते आणि त्या लिंकवरून बाहेर जाऊन पडते. नावं दोन्ही स्वच्छ. साध्या डंपला (डेटाबेसची फाइलीत काढलेली प्रत) लिंक लागतच नाहीत, सरसकट नाकारा. पोस्टग्रेस डेटाबेसच्या टेबलस्पेसमध्ये (डेटा दुसऱ्या जागी ठेवायची सोय) त्या खरोखर असतात, तेवढ्या हाताने तपासा. पायथन ३.१२ पासून टारफाइलला (टार उघडणारं मॉड्यूल) असल्या फाइली अडवणारा 'डेटा' फिल्टर देता येतो, ३.१४ मध्ये तो आपोआप लागतो.

हे सगळं रिकाम्या फोल्डरमध्ये, कमी अधिकारांच्या युजरने करा, सगळे अधिकार असलेल्या रूटने नको. एसक्यूएल डंपही डेटाबेसच्या सुपरयुजरने भरू नका, कारण तेवढे अधिकार असले की डंपमधली पोस्टग्रेसची 'कॉपी' किंवा मायएसक्यूएलची 'आउटफाइल' ही आज्ञा सर्व्हरच्या डिस्कवर लिहू शकते.

शेवटी चाचणीच्या मशीनवर '../चाचणी' नावाची एक फाइल असलेली झिप स्वतः बनवा आणि तुमच्याच बटणातून रिस्टोअर करा. फोल्डरच्या बाहेर 'चाचणी' सापडली, तर ते बटण आजच बंद करा.