गुंतवणूक करार वाचायचा कसा?

दोन देश एकमेकांच्या गुंतवणूकदारांना संरक्षण द्यायला करतात तो हा करार. तो हातात आला की आधी गुंतवणुकीची व्याख्या बघा, नुसते शेअर्स घेतले तरी गुंतवणूक धरलीय की प्रत्यक्ष चालवलेला धंदाच लागतो, यावर पुढचं बरंच ठरतं. मग एमएफएन कलम (मोस्ट फेवर्ड नेशन, म्हणजे तिसऱ्या देशाच्या गुंतवणूकदारांना दिलेली जास्त चांगली वागणूक यांनाही द्यायची) शोधा, हे सोडू नकाच! व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीची केस आपल्या कोर्टात वर्षानुवर्षं रखडली होती, तिने याच कलमाच्या जोरावर भारत-कुवेत करारातली तरतूद ओढून आणली आणि २०११ मध्ये लवादात भारत सरकार हरलं. म्हणून तर आपल्या २०१६ च्या नमुना करारात (ज्या मसुद्यावरून भारत इतर देशांशी वाटाघाटी करतो) एमएफएन नाहीच, टॅक्सचे विषयही कराराबाहेर. शेवटी वादाचं कलम: नमुन्यात गुंतवणूकदाराला लवादाआधी ५ वर्षं इथल्या कोर्टात दाद मागावी लागते, यूएईसोबतच्या २०२४ च्या करारात फक्त ३, माझ्या मते ही सूट जास्तच झाली. करार संपल्यावरही जुन्या गुंतवणुकीला किती वर्षं संरक्षण राहतं तेही तपासा.