ड्राफ्टआधी कॉलेजच्या वाइड रिसीव्हरांची तुलना कशी करावी

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, एप्रिलअखेर होतो. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि कॉलेज फुटबॉलमधून आलेले शेकडो खेळाडू. त्यात चाहत्यांचा सगळ्यात जास्त वाद रंगतो तो वाइड रिसीव्हरांवरून, म्हणजे कडेला उभं राहून बचाव भेदत धावणाऱ्या आणि पास झेलणाऱ्या गड्यांवरून. वाद बहुतेकदा कोणी किती झेल घेतले आणि किती यार्ड कमावले यावर येऊन अडकतो. पण रिसीव्हरच्या नावावरचा आकडा त्याच्या एकट्याचा नसतो. पास फेकणारा क्वार्टरबॅक, प्रशिक्षकाची योजना आणि समोरचा बचाव यांचाही त्यात हात असतो. त्यातून त्या पोराचं स्वतःचं कसब वेगळं काढायचं, हेच तुलनेचं काम.

१. आधी कोण कुठे उभा राहतो ते पाहा

जोडी म्हणून ओहायो स्टेट विद्यापीठाचे दोन रिसीव्हर घेऊ. २०१८च्या हंगामात पॅरिस कॅम्पबेलने ९० झेल घेत १,०६३ यार्ड कमावले. टेरी मॅक्लॉरिनचे झेल फक्त ३५, यार्ड ७०१. क्वार्टरबॅक दोघांचा एकच, ड्वेन हॅस्किन्स. नुसते झेल मोजले तर तुलना तिथेच संपते.

आता दोघांची कामं पाहा. कॅम्पबेल मुख्यतः स्लॉटमधून, म्हणजे आतल्या बाजूने खेळायचा. त्याचे बरेच झेल डाव जिथून सुरू होतो त्या रेषेजवळच्या छोट्या, आडव्या पासवर होते. पुढचे यार्ड तो वेगाच्या जोरावर काढायचा. मॅक्लॉरिन बाहेर उभा राहून लांबच्या रूटवर, म्हणजे आधी ठरलेल्या मार्गावर, धावायचा. एका झेलामागे कॅम्पबेलचे जेमतेम १२ यार्ड, मॅक्लॉरिनचे २०. कामंच वेगळी असतील तर दोघांचे झेल एका तराजूत घालून उपयोग नाही. म्हणून यादी करतानाच बाहेरचे आणि स्लॉटचे असे दोन गट पाडा.

पण एका हंगामावरून कुणाला कायमचं एका गटात टाकू नका. जस्टिन जेफरसनने २०१९मध्ये एलएसयूकडून, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून, १११ झेल, १,५४० यार्ड आणि १८ टचडाउन केले, तेही बहुतांशी स्लॉटमधून. बाहेरच्या बाजूला त्याचा निभाव लागेल का, ही शंका तेव्हा बऱ्याच जणांना होती. उत्तर आदल्या वर्षीच्या सामन्यांतच होतं. २०१८मध्ये तो मुख्यतः बाहेरच खेळला होता आणि त्याने ८७५ यार्ड कमावले होते. २०२०च्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी चार रिसीव्हर निवडले गेले, मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाने त्याला २२व्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच हंगामात त्याने १,४०० यार्ड काढले.

२. बेरजेपेक्षा वाटा मोजा

संघाच्या एकूण पासिंग यार्डांपैकी या गड्याचे किती, हा भागाकार करा. कमकुवत संघातल्या ८०० यार्डांचं वजन धो-धो पास फेकणाऱ्या संघातल्या १,००० यार्डांपेक्षा जास्त असू शकतं. सोबत वयही लिहा. १९-२० वर्षांचा असताना संघाचा मुख्य रिसीव्हर झालेला मुलगा आणि २३व्या वर्षी चमकलेला मुलगा यांत मी पहिल्याला झुकतं माप देतो. दुसरा आपल्याहून लहान पोरांविरुद्ध खेळत असतो.

संघात चांगल्या रिसीव्हरांची गर्दी असेल तर मात्र वाटा दिशाभूल करतो. मॅक्लॉरिनचं तेच झालं.

३. सामने पाहा, आणि चेंडूकडे पाहू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक खेळाडूचे तीन-चार सामने निवडा. त्यातला एक तरी तगड्या कॉर्नरबॅकविरुद्धचा, म्हणजे रिसीव्हरला अडवणाऱ्या कडेच्या बचावपटूविरुद्धचा हवा. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो, म्हणून जिथे संपूर्ण मैदान दिसतं असं चित्रण मिळालं तर तेच घ्या. ज्या रूटवर पास आलाच नाही तोही पाहायचा. रिसीव्हर मोकळा झाला होता आणि क्वार्टरबॅकला तो दिसला नाही, हे आकड्यांत कुठेच सापडत नाही.

सुरुवातीला बचावपटू छातीशी येऊन उभा राहतो तेव्हाची पहिली दोन-तीन पावलं पुन्हा पुन्हा पाहा. कबड्डीतला चढाईपटू कोपऱ्यातल्या गड्याला पायाने हुलकावणी देतो, तशी ती हुलकावणी हवी. बचावपटूचे हात अंगाला लागतात का, लागले तर तो ते झटकतो का? मग वळण पाहा. वळण्याआधी चार पावलं वेग कमी होत असेल तर चांगल्या कॉर्नरला आधीच सुगावा लागतो. झेल घेताना चेंडू हातांत थांबतो की छातीवर आदळतो, तेही टिपून ठेवा.

शेवटी कडेच्या रेषेजवळचे झेल. कॉलेजमध्ये एक पाय मैदानात टेकला तरी झेल धरला जातो, एनएफएलमध्ये दोन्ही टेकावे लागतात. नियमाची सक्ती नसतानाही जो दुसरा पाय ओढून आत टेकवतो, त्याच्या नावापुढे मी खूण करतो.

अलाबामातल्या मोबील इथे होणाऱ्या सीनियर बोलच्या, म्हणजे ड्राफ्टसाठी आलेल्या खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्याच्या, सरावातले एकास-एक मुकाबलेही चुकवू नका. २०१९मध्ये मॅक्लॉरिन तिथेच बऱ्याच जणांच्या नजरेत भरला.

४. कॉम्बाइनचं घड्याळ सगळ्यात शेवटी

इंडियानापोलिसच्या कॉम्बाइनमधली, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांमधली, ४० यार्डांची धाव गाजते खरी, पण तिचा उपयोग सामन्यात दिसलेलं पडताळण्यापुरता. २०१७मध्ये जॉन रॉस ४.२२ सेकंदांत धावला आणि नवव्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच वर्षी ४.६२ सेकंद घेणारा कूपर कप ६९वा गेला. पुढे २०२१च्या हंगामात कपने १,९४७ यार्ड काढले. रॉसच्या नावावर एनएफएलच्या एकाही हंगामात १,००० यार्ड नाहीत.

मग घड्याळ फेकून द्यायचं का? नाही. कॅम्पबेल ४.३१, मॅक्लॉरिन ४.३५, म्हणजे कॅम्पबेलचं वेगळेपण वेगात आहे असं वाटत होतं, त्या बाबतीत दोघांत फरक जवळपास नव्हताच. हे कळणंही मोलाचं. कॉलेजच्या प्रो डेला, म्हणजे कॉलेजने स्वतः घेतलेल्या चाचणीत, हाताने घेतलेल्या वेळा मात्र कॉम्बाइनच्या वेळांशेजारी ठेवू नका, त्या सहसा कमी दिसतात.

ओहायोच्या जोडीचं पुढे काय झालं? कॅम्पबेल ५९वा गेला, मॅक्लॉरिन ७६वा. मॅक्लॉरिनने २०२० ते २०२४ सलग पाच हंगाम १,००० यार्ड ओलांडले. कॅम्पबेलचा सर्वोत्तम हंगाम ६२३ यार्डांचा. त्याला दुखापतींनी छळलं, हे त्याच्या हिशेबात धरायलाच हवं.

५. क्रम लावा आणि कारण लिहा

प्रत्येक गटात क्रम लावून नावापुढे एका ओळीत कारण लिहा: "बाहेर खेळू शकतो, छातीशी आलेल्या कॉर्नरला चुकवतो, हात कच्चे." हे काम इतरांचे अंदाज वाचायच्या आधी उरका, नाहीतर नकळत त्यांचाच क्रम आपल्या कागदावर उतरतो. पहिली फेरी अमेरिकेत गुरुवारी रात्री आठला, म्हणजे भारतात शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. त्याआधी कागद तयार ठेवा. आणि तो तीन हंगाम तरी फाडू नका, कारण त्याच्या आत या पोरांबद्दल पक्कं काही सांगता येत नाही.