पेरणीआधी विहीर मोजा

पावसाळा ओसरत आला की विहिरी तुडुंब दिसतात आणि भरल्या विहिरीकडे पाहूनच रब्बीचे क्षेत्र ठरवले जाते. मला या सवयीचीच सर्वांत जास्त धास्ती वाटते. पीक जोमात येते, फुलोरा धरते आणि नेमके दाणे भरायच्या वेळी मोटर हवा ओढू लागते. बियाणे, खत, मजुरी गेलीच, शिवाय तोवर दिलेले पाणीही वाया गेले. यंदा वाफशाची, म्हणजे जमीन पेरणीजोगी होण्याची, वाट पाहताना दोन दिवस काढा आणि पाण्याचा हिशेब मांडा.

एका लांब दोरीला दगड बांधा, मीटरभर अंतराने गाठी मारा आणि विहिरीत किती मीटर पाणी आहे ते पाहा. विहीर गोल आणि ६ मीटर व्यासाची असेल, तर मीटरभर उंचीच्या पाण्यात साधारण २८,००० लिटर भरतात. ५ मीटर पाणी असेल तर साठा झाला १,४०,००० लिटर. आता दुसरी बाजू बघा. एका एकरावर ५ सेंटिमीटर पाणी उभे करायचे म्हटले, तर सुमारे २ लाख लिटर लागतात. म्हणजे काठोकाठ दिसणाऱ्या त्या विहिरीतल्या साठ्यावर एका एकराची एक पाळीही, म्हणजे एक वेळचे भिजवणेही, पुरे होत नाही! आपण खरी शेती करतो ती झऱ्यांवर, म्हणून मोजायचे ते झरे.

त्यासाठी संध्याकाळी मोटर लावून पाणी दोनेक मीटर खाली घ्या, मोटर बंद करा, पातळीची नोंद करा आणि १२ तासांनी पुन्हा दोरी सोडा. समजा पाणी दीड मीटर चढले. म्हणजे रात्रीतून ४२,००० लिटर आले, दिवसाचे धरले ८४,०००. वीस दिवसांनी एक पाळी द्यायची असेल तर तेवढ्या अवधीत सुमारे १७ लाख लिटर हाती येतात. कागदावर आठ एकर भिजतात. पण हे झरे पावसाळ्यानंतरचे आहेत. थंडी सरेपर्यंत ते मंदावतात, आणि मातीच्या पाटातून जाताना पाणी मुरते ते वेगळेच. म्हणून माझा आग्रह आहे की निम्म्याच पाण्यावर बेत आखा, चार एकर धरा. उरलेल्या रानात ओलीवर येणारे पीक घ्या. भारी, खोल जमिनीत करडईची सोटमुळे खालची ओल शोधत जातात, हरभराही बऱ्याच अंशी साठलेल्या ओलाव्यावर निघतो.

पिकांच्या भुकेत केवढा फरक आहे तेही ध्यानात असू द्या. गव्हाला पूर्ण हंगामात साधारण ४५० ते ६५० मिलिमीटर पाणी लागते, उसाला १,५०० ते २,५००. ऊस लावूच नका असे मी म्हणत नाही. पण एक एकर ऊस लावताना आपण अंदाजे तीन-चार एकर गव्हाचे पाणी एका जागी बांधून टाकतो, हे माहीत असून लावा. पाणी कमी पडलेच तर गव्हाला मुकुटमुळे फुटताना, म्हणजे पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, आणि पुढे फुलोरा व दाणे भरताना मिळाले पाहिजे. मधली एखादी पाळी चुकली तर एवढे बिघडत नाही. हरभऱ्याला जादा पाणी दिले तर तो नुसता पाल्यावर माजतो.

ठिबकाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. ठिबकाने पाणी वाचते हे खरे. पण वाचलेल्या पाण्यावर लगेच आणखी दोन एकर बागायत वाढवली, की विहिरीतला उपसा तेवढाच राहतो. उलट पूर्वी पाटातून आणि शेतातल्या वाफ्यांतून मुरून जमिनीखाली परत जाणारे पाणीही आता थांबते. बचतीतला काही वाटा तरी विहिरीतच राहू द्या.

वरून पाणी घालण्याआधी जमिनीतली ओल धरून ठेवा. जुनी माणसे म्हणतात ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’, ते उगाच नाही. कोळप्याने वरचा थर भुसभुशीत होतो, भेगा बुजतात आणि खालची ओल उडून जायची थांबते. आधीच्या पिकाचा भुसा, धाटे, पाचट पेटवू नका. पेटवले की त्यातले सेंद्रिय द्रव्य आणि जवळजवळ सगळे नत्र धुराबरोबर जाते. तेच ओळींमध्ये पसरले तर माती झाकली जाते आणि पुढे कुजून तिच्यातच मिसळते. शेवटच्या सरीही दवडू नका. २५ मिलिमीटर पाऊस एका एकरावर १ लाख लिटर पाणी टाकून जातो. बांध फुटला असेल तर आजच घाला. मात्र शेतातले गढूळ पाणी थेट विहिरीत सोडू नका. गाळ झरे बुजवतो आणि फवारणीची औषधे पिण्याच्या पाण्यात उतरतात.

हा हिशेब एकट्याने करून भागत नाही, ही त्यातली सर्वांत अवघड बाजू. जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो. मी चार एकरांवर थांबलो आणि शेजाऱ्याने खोल बोअर घेतली, तर माझ्या झऱ्यांचे पाणी तिकडे वळू शकते. खोल गेल्याने नवे पाणी निर्माण होत नाही. म्हणून जवळच्या पाच-सहा विहिरी एकाच दिवशी मोजा, आकडे एकत्र बसून वाचा आणि कोण किती भिजवणार ते पेरणीआधी बोलून घ्या. पेरणी झाल्यावर कुणी मागे सरत नाही.

या बैठकीत पहिला वाटा पिण्याच्या पाण्याचा काढा. मोठ्या जनावराला उन्हाळ्यात दिवसाला ६० लिटर धरले, तर चार जनावरांना चार महिन्यांत जवळपास २९,००० लिटर लागतात, म्हणजे त्याच विहिरीतले मीटरभर पाणी. घरातल्या माणसांचे त्यात मिळवा. तळापासून तेवढ्या उंचीवर विहिरीच्या भिंतीवर आतून रंगाची ठळक रेघ ओढा आणि मोटरचा फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाची झडप, त्या रेघेच्या वर बांधा. दर पंधरा दिवसांनी दोरी सोडून पातळी वहीत लिहा. पुढच्या वर्षी क्षेत्र ठरवताना ती वहीच समोर ठेवायची आहे.